सेटिंग्जमध्ये न दिसणारी भाषा कशी काढावी?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. भारतीय इंग्रजी आणि मराठी इनस्क्रिप्ट असे दोनच कीबोर्ड मी वापरते. परंतु विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या यादीत ‘इंग्रजी (युनायटेड किंगडम)’ असा तिसराही पर्याय दिसतो. टंकन करता करता तो केव्हा सुरू होतो ते कळत नाही आणि ईमेलच्या पत्त्यात @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटते. तो काढण्यासाठी सेटिंग्ज उघडल्या, तर तिथे ही भाषाच नाही. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रथम खात्री करून घ्या. शिफ्ट आणि ३ दाबल्यावर # ऐवजी पौंडाचे चिन्ह (£) आले, तर त्या क्षणी ब्रिटिश मांडणी चालू आहे असे निश्चित समजावे. या मांडणीत शिफ्ट आणि २ या कळांवर दुहेरी अवतरणचिन्ह असते आणि @ एंटरजवळच्या अवतरणाच्या कळीवर गेलेले असते. आपला लॅपटॉप इंग्लंडहून कोणी आणून दिलेला असेल आणि कळांवर चिन्हेही याच क्रमाने छापलेली असतील, तर मात्र ही मांडणी काढण्याऐवजी तीच ठेवणे सोयीचे ठरेल.

नेहमीच्या परिस्थितीत भाषा काढणे अगदी सोपे असते. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडावे, नको असलेल्या भाषेपुढील तीन टिंबांवर क्लिक करून ‘रिमूव्ह’ निवडावे. भाषा ठेवून तिच्याखालचा केवळ एखादा जादा कीबोर्ड काढायचा असेल, तर त्याच टिंबांमधील ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जावे. ‘रिमूव्ह’ हा पर्याय फिकट दिसत असेल, तर बहुधा तीच भाषा विंडोजच्या मेनूंसाठी निवडलेली असते; अशा वेळी आधी मेनूंची भाषा बदलून साइन आउट करावे लागते.

आपली अडचण याच्या पुढची आहे, आणि ती बऱ्याच जणांना छळते. कीबोर्ड यादीत आहे पण सेटिंग्जमध्ये त्याची भाषाच नाही, म्हणजे तो काढण्यासाठी बटणही नाही. यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटेल : जी भाषा नको आहे, तीच आधी रीतसर जोडावी. ‘ॲड अ लँग्वेज’ दाबून ‘इंग्लिश (युनायटेड किंगडम)’ निवडावी. पुढच्या खिडकीत भाषेचा पॅक, हस्ताक्षर, उच्चार इत्यादींपुढील ज्या खुणा काढता येतात त्या काढाव्यात, म्हणजे विनाकारण डाउनलोड होणार नाही, आणि ती विंडोजची भाषा करण्याच्या पर्यायावर तर खूण मुळीच ठेवू नये. भाषा यादीत आली की वर सांगितल्याप्रमाणे ती काढून टाकावी. तिच्याबरोबर तो बेवारस कीबोर्डही सहसा जातो.

काही वेळा मात्र संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो परत हजर होतो. याचे कारण असे, की विंडोज कीबोर्डची नोंद एकाच ठिकाणी ठेवत नाही : आपल्या खात्याची यादी वेगळी असते आणि पासवर्ड विचारणाऱ्या स्वागताच्या पडद्याची वेगळी. आपण सेटिंग्जमध्ये कितीही झाडलोट केली, तरी ती पहिल्या यादीपुरतीच राहते. म्हणून ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ उघडून ‘कॉपी सेटिंग्ज’ हे बटण दाबावे. त्या खिडकीत सध्याचे खाते, स्वागताचा पडदा आणि नवी खाती असे तीन भाग दिसतात आणि प्रत्येकात इनपुटची भाषा लिहिलेली असते. पहिल्या भागात भारतीय इंग्रजी आणि दुसऱ्यात ब्रिटिश असे आढळले, तर मूळ सापडले म्हणून समजा. खालच्या दोन्ही चौकटींत खुणा करून ‘ओके’ म्हणावे व संगणक पुन्हा सुरू करावा. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, हे कार्यालयातील संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

याशिवाय नको असलेला कीबोर्ड संगणकात शिरण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. एकच मायक्रोसॉफ्ट खाते दोन संगणकांवर असेल, तर भाषेची निवड एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. ‘अकाउंट्स’मधील ‘विंडोज बॅकअप’मध्ये भाषेची पसंती लक्षात ठेवण्याचा पर्याय बंद करता येतो. रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावरून चालवण्याच्या सोयीने, दुसऱ्या संगणकात शिरल्यावर आपल्याकडची मांडणीही तिकडे पोहोचते. ती रोखण्याची सोय रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या कोठारात) आहे, परंतु ते काम कार्यालयातील जाणत्या माणसावर सोपवलेले बरे.

नकळत मांडणी बदलण्याचा दोष बहुधा डाव्या बाजूच्या ऑल्ट आणि शिफ्ट या जोडीचा असतो. वर्डमध्ये ऑल्ट, शिफ्ट आणि बाणाची कळ वापरून परिच्छेद वरखाली सरकवणाऱ्यांची बोटे या जोडीवर सतत असतात. ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मधील ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ येथे ही जोडी ‘नॉट असाइन्ड’ करावी. विंडोज आणि स्पेस ही जोडी तशीच चालू राहते आणि दोन कीबोर्डांच्या अदलाबदलीला ती पुरेशी आहे.

प्रश्न : माझ्या संगणकावर मराठी आणि हिंदी असे दोन्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेत. हिंदी काढल्यास आधी टंकलेल्या मजकुराला किंवा मराठी टंकनाला काही बाधा येईल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : युनिकोडमधील (सर्व लिप्यांसाठीच्या प्रमाणित संकेतांतील) मजकुराला काहीही होत नाही; कीबोर्ड हे अक्षरे उमटवण्याचे साधन आहे, उमटलेल्या अक्षरांचा त्याच्याशी पुढे संबंध उरत नाही. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांसाठी प्रमाणित झालेली असल्यामुळे दोन्ही भाषांत कळांच्या जागा जवळपास सारख्याच आहेत आणि आपल्या बोटांना नवे काही शिकावे लागणार नाही. ‘ळ’ आणि ‘तऱ्हा’मधला ‘ऱ’ मराठी मांडणीतही शिफ्टसह मिळतात.

उलट, हिंदी टंकन करत नसाल तर ती काढाच, असे मी सुचवेन. वर्ड हा प्रोग्रॅम चालू कीबोर्डवरून मजकुराची भाषा ठरवतो. चुकून हिंदी कीबोर्डवर टंकलेला मराठी परिच्छेद हिंदी म्हणून नोंदला जातो आणि शुद्धलेखन तपासणी मराठी शब्दांना हिंदीच्या मापाने मोजू लागते. मात्र जुन्या परिच्छेदांवरची ही नोंद हिंदी काढल्याने आपोआप बदलत नाही. तो मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’मधील ‘लँग्वेज’खाली तपासणीची भाषा मराठी करावी.

मंगल फॉन्ट लागत असेल, तर हिंदी काढल्यानंतर तो फॉन्टच्या यादीत आहे ना, एवढे पाहून घ्यावे. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट देवनागरीच्या पूरक संचात ठेवलेले आहेत आणि यादीत नसल्यास तो संच ‘ऑप्शनल फीचर्स’मधून विनामूल्य जोडता येतो.