बिनवासाच्या सोयाबीनचं घरचं बी धरलं तर पुढच्या वर्षी वास परत येतो का?

नाही येत, बी निर्भेळ राहिलं तर. मी पुण्यात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. घरी सोयादूध करणारे बरेच जण हे विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भिजवलेलं सोयाबीन वाटताना जो उग्र, कच्चट वास सुटतो, तो लिपॉक्सिजिनेज या विकराचा (एन्झाइमचा) प्रताप. दाण्यात त्याचे तीन प्रकार असतात. वासाला मुख्यतः दुसरा कारणीभूत. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या एनआरसी १४२ या वाणात तो नाही, आणि पचनात अडथळा आणणारं कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटरही नाही.

विकर नसण्याचा हा गुण अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. नेहमीच्या वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीच्या प्रत्येक दाण्यात विकर असतंच. त्या झाडांना लागलेल्या दाण्यांत मात्र साधारण चारात एक बिनविकराचा निघतो. विकरही नको आणि ते इनहिबिटरही नको, असे दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर सोळांत एक. या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की असा दाणा सापडला की तो शुद्धच असतो, पोटात काही लपलेलं नसतं. उलट विकर असलेल्या तीन दाण्यांपैकी दोन हा गुण लपवून बसलेले असतात, आणि प्रयोगशाळेत दाण्यातली प्रथिनं जेलवर वेगळी करतो, तिथली विकराची पट्टी नुसती बघून ते ओळखू येत नाहीत.

दाण्याचं साल आईचं, पण आतल्या दोन्ही डाळी नव्या पिढीच्या. त्यामुळे एकाच शेंगेतले दोन दाणेसुद्धा वेगळे निघू शकतात. तपासायला अंकुराच्या विरुद्ध बाजूचा छोटा कपचा पुरतो. उरलेला दाणा पेरला तर झाड येतं.

आता तुमच्या रानाचं. सोयाबीनच्या फुलात परागीभवन पाकळ्या उघडायच्या आधीच उरकतं, परपरागीभवन सहसा एक टक्क्याच्याही आत. शेजारच्या वाणाला फार भिऊ नका, मळणी यंत्राला भ्या. दुसऱ्याचा माल काढून आलेलं यंत्र आधी झाडून घ्या आणि सुरुवातीला पडलेला माल बियाण्यात धरू नका. गेल्या हंगामात सांडलेलं दुसरं सोयाबीन उगवलं असेल तर तेही उपटा.

आणि वास नसला तरी दूध चांगलं उकळूनच प्या. बोमन-बर्क नावाचं दुसरं इनहिबिटर या वाणातही असतं.