डिचोली टाकलं की बिचोलिम सापडत नाही: सेल्सफोर्समध्ये एकाच चौकटीतून चार ऑब्जेक्टांत शोध

तुमचा प्रश्न मला असा समजला. फोंड्याच्या ऑफिसात फोन घेणाऱ्यांना सेल्सफोर्समध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर) एकच शोधचौकट द्यायची आहे. नाव, गाव किंवा नंबर टाकला की अकाउंट, कॉन्टॅक्ट, लीड (संभाव्य ग्राहक) आणि तुम्ही बनवलेलं 'साइट भेट' हे ऑब्जेक्ट (म्हणजे नोंदींचा तक्ता), अशा चारही ठिकाणच्या नोंदी एकदम दिसायला हव्यात. सध्या चार एसओक्यूएल (एकेका ऑब्जेक्टातून नोंदी काढायची सेल्सफोर्सची भाषा) क्वेरी आहेत, प्रत्येकीत लाइक ही अट आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्का (%), म्हणजे तिथे काहीही चालेल. शोध रखडतो आणि तरीही नोंदी निसटतात.

रखडतो तो शब्दाच्या आधीच्या टक्क्यामुळे. शब्दाची सुरुवातच माहीत नसेल तर इंडेक्स असूनही उपयोगी पडत नाही, सगळ्या नोंदी चाळाव्या लागतात. शिवाय लाँग टेक्स्ट एरियावर (लांब मजकुराच्या फील्डावर) एसओक्यूएलमध्ये अट घालताच येत नाही, म्हणजे भेटीचे शेरे तुमच्या शोधात कधी आलेलेच नाहीत. या कामासाठी एसओएसएल ही अनेक ऑब्जेक्टांत एकदम शोधणारी भाषा आहे. एपेक्समधली (सेल्सफोर्सची प्रोग्रॅमिंग भाषा) क्वेरी अशी (इथे देवनागरीत देतो, टाइप करताना अर्थातच रोमन):

फाइंड :शब्द इन ऑल फील्ड्स रिटर्निंग अकाउंट(आयडी, नेम, फोन लिमिट 20), कॉन्टॅक्ट(आयडी, नेम, फोन लिमिट 20), लीड(आयडी, नेम, कंपनी लिमिट 20), साइट भेट(आयडी, नेम लिमिट 20)

उत्तर येतं ते यादींची यादी म्हणून, रिटर्निंगमध्ये लिहिलेल्या क्रमानेच. काही सापडलं नाही तरी त्या जागी रिकामी यादी असतेच, त्यामुळे क्रमांकावरून उचलायला हरकत नाही. कंसात फील्डांची नावं दिली नाहीत तर फक्त आयडी येतो, आणि पुढे नेम वाचायला गेलात की एरर. प्रत्येक ऑब्जेक्टला वेगळं लिमिट द्याच. एका क्वेरीत सगळे मिळून 2,000 निकाल ही कमाल मर्यादा आहे आणि 'नाईक' टाकल्यावर गोव्यात काय होतं ते सांगायला नको. एका ट्रान्झॅक्शनमध्ये (कोडच्या एका फेरीत) अशा 20 क्वेरी चालतात. म्हणून ती लूपमध्ये टाकू नका. साइट भेटीच्या ऑब्जेक्ट सेटिंगमध्ये 'अलाउ सर्च' वर खूण आहे का ते आधी पाहा. नवीन कस्टम ऑब्जेक्टला ती आपोआप नसते, आणि तिच्याविना क्वेरी कितीही बरोबर लिहिली तरी त्या नोंदी येणार नाहीत.

आता निसटण्याबद्दल. खरी गोम इथे आहे. एसओएसएल अक्षरांचे तुकडे शोधत नाही, शब्द शोधतं. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी तारा (*) चालतो, सुरुवातीला नाही. 'शिरोड' पुढे तारा लावलात तर शिरोडा आणि शिरोडकर दोन्ही मिळतील, पण नुसत्या 'ओडकर'वर शिरोडकर मिळणार नाही. लाइकची सवय असलेले लोक इथे हटकून चकतात. दोन शब्द टाकले तर दोन्ही असलेल्या नोंदी येतात. नेमका तोच शब्दसमूह हवा असेल तर अवतरणात घाला. एकाच अक्षरावर शोध चालत नाही, एरर येतो. चौकटीत किमान 3 अक्षरं आणि टाइप थांबल्यावर 300 मिलिसेकंदांचा अवकाश ठेवा, नाहीतर प्रत्येक अक्षराला एक फेरी होईल.

पण डिचोली आणि बिचोलिम एकच, हे कुठलंही सर्च इंजिन आपणहून ओळखणार नाही. पेडणे आणि पेर्नेम, केपे आणि क्वेपेम, काणकोण आणि कानाकोना, पणजी आणि पंजिम, सगळीकडे तोच प्रकार. एकाने मराठी उच्चाराप्रमाणे लिहिलं, दुसऱ्याने सरकारी इंग्रजी कागदाप्रमाणे. त्यासाठी चारही ऑब्जेक्टांवर 'शोधशब्द' नावाचं साधं टेक्स्ट फील्ड करा. गावांच्या पर्यायी नावांचा तक्ता कस्टम मेटाडेटात (सेटिंगसारखी माहिती ठेवायची जागा) ठेवा आणि सेव्ह होण्याआधीच्या ट्रिगरमधून (आपोआप चालणाऱ्या कोडमधून) पर्याय त्या फील्डात उतरवा. फॉर्म्युला फील्ड करायचा मोह होईल, टाळा: फॉर्म्युला शोधात येत नाही. इन नेम फील्ड्स लिहिलंत तर हे फील्ड वगळलं जाईल, म्हणून वर ऑल फील्ड्स आहे. जुन्या नोंदी डेटा लोडर या घाऊक अपडेटच्या साधनाने एकदा अपडेट करून घ्या म्हणजे ट्रिगर त्यांच्यावरही चालेल. बॅच 200 ची पुरते.

आडनावांचंही तेच. डिसोझा हे अपॉस्ट्रॉफीसह, अपॉस्ट्रॉफीविना आणि 'डे' सुटा करून, असं तिन्ही तऱ्हांनी नोंदलेलं असतं. क्वेरी स्ट्रिंग जोडून बनवत असाल तर ती अपॉस्ट्रॉफी क्वेरीच मोडते. वरच्यासारखं बाइंड व्हेरिएबल (क्वेरीतलं कोलनवालं ':शब्द') वापरा, किंवा एस्केप सिंगल कोट्स लावा. अधिक, वजा, कंस, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं कोलन ही चिन्हंही शोधात राखीव आहेत. कोणी +91 सकट नंबर चिकटवला तर अधिकच्या आधी बॅकस्लॅश टाका, नाहीतर ते चिन्ह काढूनच टाका.

नंबरांसाठी मी तर एसओएसएलवर विसंबू नका असंच सांगेन. 0832 हा गोव्याचा कोड कोणी डॅश देऊन लिहितं, कोणी शून्य गाळून. शेवटचे 10 अंक वेगळ्या टेक्स्ट फील्डात साठवा, त्याला एक्स्टर्नल आयडी करा म्हणजे इंडेक्स मिळेल, आणि तिथे बरोबर-चिन्हाने एसओक्यूएल चालवा. याला आणखी एक कारण आहे. नोंद सेव्ह झाल्यावर ती सर्च इंडेक्समध्ये यायला वेळ लागतो, मोठ्या आयातीनंतर तर बराच. एकाने आत्ता घेतलेली लीड शेजारी बसलेल्याला शोधात दिसत नाही, आणि तो दुसरी तयार करतो. म्हणून डुप्लिकेटची तपासणी एसओक्यूएलनेच करायची.

हा कोड ज्यात आहे तो एपेक्स क्लास 'विथ शेअरिंग' ठेवा आणि क्वेरीच्या शेवटी विथ यूजर_मोड लावा, म्हणजे ज्याला जे पाहायची मुभा नाही ते त्याला दिसणार नाही.

टेस्ट क्लास (कोड तपासणारा कोड) लिहाल तेव्हा एसओएसएलचा निकाल रिकामाच येईल, कोड बरोबर असला तरी. टेस्टमधल्या नोंदी इंडेक्समध्ये जात नाहीत. टेस्ट.सेटफिक्स्डसर्चरिझल्ट्स या मेथडला आयडींची यादी द्या. टेस्टमधल्या पुढच्या सगळ्या एसओएसएल क्वेरी त्या यादीवर चालतात, रिटर्निंगमधल्या अटी आणि लिमिट मात्र लागू होतात.