चुकून नेलेली मोटारसायकल चोरी ठरते का?

प्रश्न : माझ्या भाच्याने बसस्थानकाच्या पार्किंगमधून रात्रीच्या अंधारात स्वतःची समजून दुसऱ्याची मोटारसायकल घरी आणली. रंग तोच होता आणि झिजलेली किल्लीही लागली. सकाळी नंबर पाहताच तो आपणहून पोलीस ठाण्यात गेला. पण मालकाने तोवर चोरीची फिर्याद दिली होती. मनात काही नसताना हा गुन्हा होतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ही चोरी नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मधील चोरीच्या व्याख्येत अप्रामाणिक हेतू हा आवश्यक घटक आहे. नुसती वस्तू हलवली म्हणून चोरी होत नाही. हेतू डोळ्यांना दिसत नसल्यामुळे न्यायालय तो वागणुकीवरून ताडते, आणि भाचा स्वतःहून ठाण्यात गेला हीच त्याची सर्वांत भक्कम बाजू आहे. त्या नोंदीची तारीख-वेळेसह प्रत मिळवून ठेवा. चूक कळल्यावरही त्याने गाडी दडवून वापरली असती, तर मात्र कलम 314 खाली अप्रामाणिकपणे अपहार केल्याचा गुन्हा झाला असता.

‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव मात्र सगळीकडे चालत नाही. मायर हान्स जॉर्ज हा जर्मन नागरिक नोव्हेंबर 1962 मध्ये झुरिकहून मनिलाला निघाला होता. 28 तारखेला विमान सांताक्रूझला उतरले, तेव्हा अंगातल्या जाकिटाच्या कप्प्यांत 34 किलो सोन्याच्या लगडी होत्या. असे सोने विमानाच्या मालयादीत दाखवण्याची सक्ती करणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली होती 24 तारखेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र बहुमताने दोषी धरले, कारण परकीय चलनाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यात हेतूची अट घातली तर तो कायदाच निष्प्रभ होईल, असे त्यास वाटले. शिक्षा तेवढी भोगलेल्या कैदेपुरती कमी केली. न्या. सुब्बा राव यांचे मत याविरुद्ध होते, आणि मला तेच अधिक न्याय्य वाटते : चार दिवसांपूर्वी भारतात छापलेले राजपत्र परदेशातून निघालेल्या प्रवाशाने वाचावे, ही अपेक्षा फारच कठोर आहे. पुढे परवान्यासाठी अर्ज करून, शुल्क भरून, तो मिळेल अशा प्रामाणिक समजुतीने धान्य साठवणाऱ्या नथुलाल या मध्य प्रदेशातील व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने दोषी मनाच्या अभावी सोडले.

तुमच्या भाच्यापुढे हा पेच नाही. त्याचा गैरसमज कायद्याविषयी नसून गाडीविषयी आहे, आणि चोरीच्या खटल्यात अप्रामाणिक हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावरच असते.