डॅलसला येताय, चार्टर शाळेचं म्हणाल तर

ताई, तुम्ही विचारलंत की जुलैत डॅलसला येतोय, मुलगी तिसरीत आहे, इथले ओळखीचे सगळे 'चार्टरमध्येच घाला' म्हणतात, तर घालू का? फी नाही, सरकारी पैशावर पण राज्याच्या परवान्याने स्वतंत्र संस्था चालवते, हे तुम्ही वाचलं असेलच. ते सोडून सांगते.

जुलै म्हणजे उशीर. नावाजलेल्या चार्टरचे अर्ज बहुधा हिवाळ्यातच घेतात, मग सोडत. भावंडांना आधी जागा, तुम्ही प्रतीक्षायादीत. तुमच्या पत्त्याच्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेला, मात्र मुलीला घ्यावंच लागतं, वर्षाच्या मध्यातसुद्धा. भाडेकरार, विजेचं बिल आणि लसींचा कागद लागतो. कांजिण्या आणि हेपॅटायटिस ए या लसी आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत, टेक्सासला हव्यात. तिकडेच उरकून या, तारखांसकट.

नाव घालताना घरात कोणती भाषा बोलता ते विचारतात. आम्ही मराठी लिहिलं. लगेच लेकीची इंग्रजीची चाचणी. ही चाचणी चार्टर असो की डिस्ट्रिक्ट, दोन्हीकडे असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली पोर अनोळखी बाईंसमोर गप्प बसली, आणि शाळेने तिला इंग्रजी न येणाऱ्यांच्या जादा वर्गात बसवलं. पालकांना त्या जादा वर्गाला लेखी नकार देता येतो, हे ऑफिसात कुणी सांगितलं नाही. मेल केले, उत्तर एकच: पुढच्या चाचणीपर्यंत थांबा. अजून आठवलं की डोकं तडकतं.

शिक्षकांची चौकशी करा. टेक्सासमध्ये चार्टरच्या बहुतेक शिक्षकांना राज्याचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही. चांगले असतात, पण मागच्या वर्षीचे किती टिकले ते विचाराच. शाळेचा परवाना कधी नूतनीकरणाला येतो तेही विचारा. चार्टर बंद पडू शकते. आणि इथे शाळेला पैसे हजेरीवर मिळतात. लग्नासाठी महिनाभर पुण्याला जायचं असेल तर आधी लेखी बोलून घ्या. एकदा जागा गेली की परत रांगेत.

एकटेपणाचं म्हणाल, तर मंडळाच्या गणपतीला या, होईल सवय.

पण मुलीचं वेगळं असतं. चार्टरला मुलं लांबलांबून येतात. बसही बहुतेक ठिकाणी नसते, रोज दोन्ही वेळा गाडी घेऊन रांगेत उभं राहायचं. आमच्या गल्लीतली पोरं एकत्र सायकली घेऊन शाळेत जातात, आमची खिडकीतून बघते. गणितात ती त्यांच्या पुढे आहे, आणि आम्ही चार्टर निवडली ती त्याच्यासाठीच. काढावी म्हटलं की गणित आठवतं, ठेवावी म्हटलं की खिडकी. नवरा म्हणतो, तू उगाच उगाळत बसतेस.

तुम्ही आधी डिस्ट्रिक्टमध्ये घाला, प्रतीक्षायादीतलं नावही राहू द्या. आणि भाडेकरारावर सही करण्याआधी पत्ता कळवा, कोणती शाळा लागते ते बघून सांगते. रस्ता ओलांडला की डिस्ट्रिक्ट बदलतं इथे.