पेशीभोवती जाड भिंत असताना वनस्पतींचा विषाणू शेजारच्या पेशीत कसा शिरतो?

भिंत फोडून नाही. पेशी-पेशींना जोडणाऱ्या प्लाझ्मोडेस्माटा नावाच्या बारीक नळ्या आधीपासूनच असतात, तो त्यांतून जातो. तंबाखूचा मोझॅक विषाणू घ्या. त्याचा दांडा ३०० नॅनोमीटर लांब, १८ जाड. त्या नळीत तो मावत नाही. म्हणून कवच मागेच राहतं आणि वहन-प्रथिन (विषाणूचंच, पुढच्या पेशीत न्यायला मदत करणारं) चिकटलेला नुसता आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, पुढे सरकतो.

हा आरएनए जेमतेम ६,४०० अक्षरांचा, त्यातून मोजकी चार प्रथिनं बनतात. एवढ्या शिदोरीवर सगळं जमणं शक्यच नाही, त्यामुळे बाकीचं काम झाडाच्या प्रथिनांकडून होतं आणि खरी गंमत इथेच आहे. पेशीभित्तीतलं पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर वहन-प्रथिनाला धरतं. वहन-प्रथिनाचा तो धरायचा भाग काढून टाकला, तर विषाणू पहिल्या पेशीतच अडकतो!

नळीच्या तोंडाशी झाड कॅलोजचा (साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांपासून बनलेल्या पदार्थाचा) बूच बसवतं. तो विरघळवणारं बीटा-१,३-ग्लुकानेजही झाडाचंच. ज्या तंबाखूत हे विकर मुद्दाम कमी केलं, तिथे विषाणू हळू पसरला. रोगप्रतिकारक वाण शोधताना म्हणूनच मी नुसत्या विषाणूकडे न बघता झाडाच्या या प्रथिनांकडेही बघायला सांगेन.