दोन इंची का तीन इंची? अमेरिकेला निघालेल्या दोस्ताच्या भावाला

तू माझ्या दोस्ताचा धाकटा भाऊ, म्हणून अरेतुरेच करतो. बहिणीनं भरलेल्या ग्रीन कार्डच्या फाईलवर इतक्या वर्षांनी तुझा नंबर लागला, उदगीर सोडून बायकोलेकरांसकट टेक्सासमधल्या डॅलसकडं निघालास, दाजींच्या गॅस स्टेशनवर रात्रीचा गल्ला सांभाळायचाय आणि दाजी म्हणायलेत की अंगावर एक छोटं रिव्हॉल्व्हर ठेव. तुझा प्रश्न एवढाच, की नळी दोन इंची घ्यावी का तीन इंची. बाकी व्हिसा, सोशल सिक्युरिटी, ड्रायव्हिंग लायसन हे सगळं सरकारी साईटवर लिहिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. नळीचं सांगतो, कारण तुझा मेसेज वाचल्यापासून झोप नीट लागेना मला.

कमरेला लावणार असशील तर तीन इंची घे. पँटच्या खिशात ठेवणार असशील तरच दोन इंची.

आता का ते ऐक. रिव्हॉल्व्हरची नळी मोजतात ती सिलिंडरच्या पुढून, सिलिंडर त्यात धरत नाहीत, त्यामुळं दोन इंची म्हटलेलं रिव्हॉल्व्हर टोकापासून टोकापर्यंत सहा-साडेसहा इंच भरतं. आणि शर्टाखालून दिसते ती नळी नाही, मूठ दिसते. नळी तर पँटच्या आत जाते. उलट कमरेला आतून लावल्यावर आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर वरून जड होऊन बाहेर कलतं, आणि नळी जरा लांब असली की बेल्टाखाली टेकून राहतं, मूठ पोटाला चिकटते. म्हणजे लपवायला आखूडच बरी असं जे सगळे सांगतात ते खिशापुरतं खरं आहे. खिशात मात्र तीन इंची अडकतं, काढताना तर हमखास. दोन इंची खिशात ठेवलंस तरी खिशाचंच होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हरचं म्यान, वापर, त्या खिशात किल्ल्या, सुट्टे पैसे काही नको, आणि गाडीत बसल्याबसल्या खिशातून ते निघत नाही हे ध्यानात ठेव.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती पुंगळ्यांची. सिलिंडर उघडून दांडी दाबली की रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडायला पाहिजेत. दांडी नळीखाली बसते, म्हणून दोन इंचीत ती आखूड करावी लागते, पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत, एखादी तिथंच अडकते आणि बोटानं उपटावी लागते. तीन इंचीत दांडी लांब बसते. नेम धरायची पुढची आणि मागची खूण एकमेकींपासून लांब गेली की नेमही सोपा होतो. गोळीचा वेगही थोडा वाढतो, आणि हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेली गोळी लागल्यावर नीट उमलायला वेग लागतो, म्हणून तर आखूड नळीसाठी कंपन्या वेगळ्या गोळ्या काढतात, स्पीअर गोल्ड डॉट 135 ग्रेन त्यातलीच. पण वेगाच्या आकड्यात फार गुंतू नको. तुझा हात त्या ट्रिगरला किती सरावलाय हे जास्त महत्त्वाचं.

वजनाचं पण बघ. स्मिथ अँड वेसनचं 642 सुमारे 410 ग्रॅम, नळी 1.875 इंच. दिवसभर अंगावर आहे हे कळतसुद्धा नाही, पण त्याची 38 स्पेशल जातीची गोळी त्यातून उडवलीस की तळहात झिणझिणतो. आपल्या कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर 2014 ला आलं ते 500 ग्रॅमचं होतं आणि .32 बोर, त्यापेक्षा हे हलकं आणि गोळी मात्र जास्त दमाची. मग माणूस सरावच टाळतो. रुगरचं एलसीआरएक्स तीन इंचीत मिळतं, 445 ग्रॅमच्या आसपास, ते धरून बघ. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम गॅस निघतो, दुसऱ्या हाताचं बोट तिकडं जाऊ देऊ नको. बऱ्याच रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्यानं मिळतात, घ्यायच्या आधी दोन्ही उडवून बघ.

तुझ्यासोबत तो एच-वन वाला, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा मित्र येतोय म्हणालास, त्याला सांग, या भानगडीत पडू नको. ग्रीन कार्डवाल्याला घेता येतं, नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला फेडरल कायद्यानं जवळ ठेवायलाच बंदी आहे, शिकारीच्या लायसनसारखे थोडे अपवाद सोडले तर.

आता कागदाचं. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या माणसाला, बाकी काही मनाई नसेल तर, परवान्याशिवाय अंगावर ठेवता येतं. पण विकत घेताना 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तिथं आपली नावं घात करतात. माझ्या पासपोर्टवर वडलांचं नाव माझ्या नावाला चिकटून आलं, ग्रीन कार्डवर तसंच छापलं, आणि ड्रायव्हिंग लायसनच्या खिडकीवरच्या बाईनं वडलांचं नाव उडवून टाकलं, लांब आहे म्हणाली. दुकानात चेकिंग अडकलं. काउंटरवरचा माणूस सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायला लागला की यातला खरा तू कोणता, आणि मागं उभे असलेले लोक माझ्याकडं बघायला लागले. गुन्हा काय तर बापाचं नाव लावलं. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. तू पहिल्या दिवसापासून तिन्ही कागदांवर अक्षर न् अक्षर एक ठेव.

पोरीचं सांगायचं नव्हतं, पण तुझी पण पोरगी शाळेतच घालायची आहे. 24 मे 2022 ला इथल्याच युवाल्डी गावच्या शाळेत एकानं 19 लेकरं आणि 2 बाया मारल्या, त्या शिकवायच्या तिथं. शाळाशाळांत लेकरांना शिकवतात, लाईट बंद झाली की दारापासून लांब, भिंतीला चिकटून, तोंडातून आवाज नाही. माझी पोरगी घरी येऊन तेच करून दाखवायची, सोफ्यामागं गुडघे पोटाशी घेऊन. तिच्या वाढदिवसाला तिच्या वर्गातल्या एका पोरीच्या आईचा फोन आला, घरात बंदूक आहे का. आहे म्हणालो, कुलपात आहे, गोळ्या वेगळ्या. बरं म्हणाली आणि पोरीला पाठवलं नाही. पोरगी दारात वाट बघत बसली. त्या बाईचं चुकलं का बरोबर होतं, मला अजून ठरवता येत नाही, आणि बायकोपुढं तो विषय निघाला की मी उठून जातो. तिजोरी रिव्हॉल्व्हरच्या आधी घे. आपल्या निष्काळजीपणानं 17 वर्षांखालच्या लेकराच्या हाताला भरलेलं हत्यार लागलं तर इथं गुन्हा आहे.

एकटं वाटतं का विचारलंस. वाटतं, सगळ्यांना वाटतं, कामात निघून जातं.

भीतीचं मात्र नीट सांगतो. आमच्या आज्याकडं ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या लायसनवर. रोही आणि रानडुकरं ज्वारीत घुसायची, आजा हवेत एक बार काढायचा. ती भिंतीवर टांगलेली असायची, साऱ्या गावाला माहीत. आता आपल्याकडं कमरेला लावतात तेही लग्नाकार्यात चारचौघांना दिसावं म्हणून. माझं कोणालाच दिसत नाही, आईला तर माहीतच नाही. रात्रीचं दार उघडलं की माझी नजर आधी आलेल्या माणसाच्या हातांकडं जाते, तोंडाकडं नंतर. गंगाखेडला घरी आलो तरी तसंच होतं, चुलता आला तरी पहिले हात बघतो. तीन इंची असो का दोन इंची, ही सवय त्याच्यासोबत येणार आहे. दाजींना म्हण, रात्री दुसरा माणूस ठेवा, गल्ल्यात पैसे कमी ठेवा, काउंटरला जाड काच बसवा, आणि एवढं होऊनही लागलं तरच घे.

घेतलंस तर एक शेवटचं. रेंजवर नेतोस ती बॅग आणि ते जॅकेट गावाकडं येताना वापरू नको. अस्तरात राहिलेलं एक काडतूस आपल्या विमानतळावर सापडलं तरी आर्म्स ॲक्टचा गुन्हा दाखल होतो, मग सुट्टी वकिलाकडंच जाते. प्रवासाची बॅग वेगळीच घेऊन ठेव.