जे अजून नाही, त्याचा विचार

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. ‘जे अस्तित्वातच नाही त्यावर डोकं शिणवू नकोस, आज समोर असलेल्या एआय मॉडेल्सवर काम कर,’ असं तुझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं. ते तुला पटलंही आणि खुपलंही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही एजीआयबद्दल, म्हणजे माणसाला जमणारं जवळजवळ कुठलंही बौद्धिक काम करू शकेल अशा यंत्रणेबद्दल, आत्ताच तर्क करणं मला रिकामपणचा उद्योग वाटत नाही. फक्त तो तर्क कशाबद्दल आहे हे फार महत्त्वाचं.

आधी जुनी भाकितं बघ. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आद्य संशोधकांपैकी एक, हर्बर्ट सायमन यांनी १९६५ मध्ये लिहिलं की वीस वर्षांत यंत्रं माणसाचं कुठलंही काम करू शकतील. १९८५ उजाडलं आणि मावळलं, तसं काही झालं नाही. सायमन हे काही उथळ गृहस्थ नव्हते. पुढे त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरीही तारीख साफ चुकली.

आता त्याच काळातला दुसरा तर्क बघ. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० मध्ये असा इशारा दिला होता की ज्या यंत्राच्या कामात आपल्याला वेळेवर हात घालता येणार नाही, त्याला दिलेलं उद्दिष्ट हे आपल्याला खरोखर हवं असलेलंच उद्दिष्ट आहे याची खात्री हवी. तेव्हा त्यांच्यासमोर होतं काय, तर चेकर्स हा पटावरचा खेळ शिकणारा एक प्रोग्राम! पुढे २०१६ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी बोटींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम यंत्राला शिकायला दिला. गुण मिळत होते ते वाटेतली लक्ष्यं टिपल्याबद्दल. बोटीने शर्यत सोडून दिली आणि एका कोपऱ्यात गोल गोल फिरत, पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्यं टिपत राहिली. ती आपटत होती, पेट घेत होती, पण गुण माणसांपेक्षा जास्त मिळवत होती. वीनर यांनी कुठलीही तारीख दिली नव्हती. उद्दिष्ट आणि हेतू यांच्यात फट कशी पडते, एवढंच त्यांनी पाहिलं होतं, आणि ते ५६ वर्षांनंतरही लागू पडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: ‘केव्हा’ या प्रश्नावर कमी आणि ‘कशामुळे काय होईल’ या प्रश्नावर जास्त वेळ दे.

गणितज्ञ आय. जे. गुड यांचं १९६५ चं उदाहरण घे, कारण ते अजून उलगडून संपलेलं नाही. यंत्राची रचना करणं हेही बौद्धिक कामच आहे. मग माणसापेक्षा हुशार यंत्र आपल्याहून चांगलं यंत्र रचेल, ते पुढचं रचेल, आणि बुद्धिमत्तेचा स्फोट होईल, असा त्यांचा युक्तिवाद. हे वाचून भारावून जाणारे खूप भेटतील, खांदे उडवणारेही. तू दोन्ही करू नकोस. तो युक्तिवाद ज्या कडीवर टिकून आहे ती शोध. प्रत्येक सुधारणेनंतर पुढची सुधारणा सोपी होते की अवघड? कोड झटकन लिहून झाला, तरी प्रयोग चालवायला चिप्स, वीज आणि वेळ लागतोच. मग वेग नेमका कुठे अडेल? यातले काही प्रश्न आज मोजता येतात. साठ वर्षांपूर्वीचा निव्वळ तर्क आज प्रयोगाच्या टप्प्यात आला आहे, आणि इथे तुझ्या मार्गदर्शकांचा सल्ला आणि तुझी ओढ एकत्र येतात.

तर्काने वेळही मिळतो. सप्टेंबर १९३३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड यांनी अणूतून ऊर्जा मिळवण्याच्या गोष्टी म्हणजे निव्वळ कल्पनाविलास असं जाहीरपणे म्हटलं. त्याची बातमी वाचून दुसरे भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड विचारात पडले, आणि एका न्यूट्रॉनच्या धडकेतून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले तर अणूमागून अणू फोडत जाणारी साखळी सुरू होईल, हे त्यांना सुचलं. तसं मूलद्रव्य कोणतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. १९३८ च्या अखेरीस युरेनियमच्या विखंडनाचा, म्हणजे त्याचा अणू फुटतो याचा, शोध लागला, तेव्हा त्याचा अर्थ ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, कारण प्रश्न पाच वर्षं त्यांच्या मनात तयार होता. पण हेही लक्षात ठेव: १९४५ मध्ये बॉम्बच्या वापराविरुद्ध त्यांनी अर्ज फिरवला आणि तो निष्फळ ठरला. आधी ओळखलं म्हणून लगाम हाती येतोच असं नाही. ती बाजू संस्थांची, कायद्याची, करारांची आहे. तिच्याबद्दलही आत्ताच विचार व्हायला हवा, आणि तो करणारी माणसं मला फार कमी वाटतात.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. या विषयात प्रत्येक पायरी पटत जाते आणि माणूस कुठल्या कुठे पोचतो. सहा पायऱ्यांचा युक्तिवाद असेल आणि प्रत्येक पायरी खरी असण्याची शक्यता ८० टक्के धरली, तर सगळ्या मिळून खऱ्या ठरण्याची शक्यता साधारण २६ टक्केच उरते. उलट, त्याच निष्कर्षाला पोचणाऱ्या दोन-तीन वेगळ्या वाटा असतील तर शक्यता वाढते. म्हणून पायऱ्या कागदावर मांड, प्रत्येकीपुढे आकडा लिही, आणि काय दिसलं तर मत बदलशील तेही आधीच लिहून ठेव. मनात ठेवलेलं मत आपल्याला फार सहज माफ करतं.

सुरुवातीला हे एकच विधान घे: ‘उद्दिष्टाच्या मागे लागलेलं यंत्र स्वतःला बंद करू देणार नाही.’ ते कुठल्या गृहीतकांवर उभं आहे, आणि त्यातलं कुठलं आजच्या छोट्या मॉडेलवर तपासता येईल, हे दोन पानांत लिहून पाठव. पाठवण्याआधी तुझ्या मार्गदर्शकांनाही दाखव. कच्ची पायरी बहुधा माझ्याआधी त्यांनाच सापडेल.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी